शंभर टक्के, पण कशाचे?

प्रश्न : माझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे. रात्रभर चार्जिंगला लावला की सकाळी 100 टक्के दिसतात, पण जेमतेम दीड तासात मान टाकतो. नवा होता तेव्हा पाच तास चालायचा. दुकानदार म्हणतो, बॅटरी बदला. हे घरी तपासता येईल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : येईल, आणि पैसे मोजण्याआधी तपासावंच. कोपऱ्यातला आकडा खोटा नसतो. तो बॅटरीच्या आजच्या क्षमतेवर काढलेला असतो, कारखान्यातून निघतानाच्या नव्हे. घागरीच्या तळाशी गाळ साचला, तर ती काठोकाठ भरूनही पाणी कमीच मावतं.

विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ मारून तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहा आणि एंटर दाबा. अहवालाची फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसेल. ती ब्राउझरमध्ये उघडते. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे मूळ क्षमता, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. समजा, पहिलीपुढे 50,000 आणि दुसरीपुढे 31,000 मिलीवॅट-तास आहेत. म्हणजे 62 टक्के बॅटरी शिल्लक. खाली जुन्या तारखांच्या नोंदीही असतात. क्षमता हळूहळू उतरली की एकदम, ते त्यांवरून कळतं.

आता खरी गंमत. पाच तासांचे 62 टक्के म्हणजे साधारण तीन तास. मग उरलेला दीड तास कुठे गेला? इथे एकट्या अहवालावर भागत नाही, नोंदवही लागते. लिनक्सवर हे फार सुरेख जमतं : ‘सिस’, त्यात ‘क्लास’, त्यात ‘पॉवर_सप्लाय’ या फोल्डरमध्ये बॅटरीचे आकडे साध्या फाइलींत असतात. पुष्कळ लॅपटॉपांत ‘एनर्जी_नाऊ’ ही फाइल मायक्रोवॅट-तासांत शिल्लक सांगते; 10 लाखांनी भागलं की वॅट-तास. ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या ‘क्रॉन’ला सांगून दर पाच मिनिटांनी वेळ आणि हा आकडा एका फाइलीत उतरवून घ्यायचा. विंडोजवर एका दिवसापुरती वही-पेन पुरेल : चार्जर काढा आणि दर दहा मिनिटांनी टक्के लिहा.

आकडे एकसारखे, पण भराभर उतरत गेले, तर लॅपटॉपच जास्त वीज खातो आहे. स्क्रीनचा उजेड, मागे चालू राहिलेले प्रोग्रॅम, पंखा तपासा. नवी बॅटरी घातली तरी हा खर्च तसाच राहील. पण 35-40 टक्क्यांवरून लॅपटॉप एकाएकी बंद पडला, तर दुकानदाराचं बरोबर असण्याची शक्यता मोठी. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, जोराचं काम आलं की व्होल्टेज कोसळतं आणि शिल्लक असलेली वीजही हाती येत नाही.

अहवालातल्या ‘सायकल काउंट’वर मात्र फार विसंबू नका. 50 टक्के दोनदा वापरले की एक सायकल होते, पण काही लॅपटॉप ती नोंदवतच नाहीत. शिवाय लिथियम-आयन बॅटरी न वापरताही म्हातारी होते. पूर्ण भरलेली आणि गरम राहिली तर लवकर. परभणीच्या मे महिन्यात ती रात्रभर 100 टक्क्यांवर ठेवू नका. सेटिंगमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लावा.

बॅटरी बदललीच, तर दुकानातच अहवाल पुन्हा काढा. नव्या बॅटरीचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत.