पहिले पुस्तक : प्रकाशकाकडे की स्वखर्चाने?

(द्वितीय वर्ष, कला)

पहिले पुस्तक काढायचे ठरविले की नवलेखकापुढे दोन वाटा येतात : एक प्रकाशकाची, दुसरी स्वखर्चाची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझी चाळीस कवितांची वही पाहून वडील म्हणाले, "कांद्याची पट्टी आली की छापून टाकू." ते पैसे कसे उभे राहतात हे मी जाणतो, म्हणूनच या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला.

प्रथम व्यवहार पाहू. प्रकाशक स्वतःचे भांडवल घालतो आणि विक्रीतून लेखकाला मानधन देतो. पैसे त्याचे अडकतात, म्हणून तो हस्तलिखित नीट वाचतो आणि न पटल्यास परत करतो. १९६३ साली रा. ज. देशमुख यांनी 'कोसला' काढली, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते आणि ती त्यांची पहिलीच कादंबरी होती. असा विश्वास टाकणारा प्रकाशक भेटणे हे भाग्यच. पण त्यासाठी थांबावे लागते.

स्वखर्चाच्या वाटेवर थांबावे लागत नाही. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी असा खर्च असतो. सोळा पृष्ठांचा एक फर्मा. चौसष्ट पृष्ठांचे पुस्तक म्हणजे चार फर्मे. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. आता मागणीनुसार थोड्या प्रतीही छापता येतात. अडचण एकच : येथे "नको" म्हणणारा कोणी नसतो.

याचा अनुभव मलाही आला. एका ठिकाणी वही पाठविली. दुसऱ्याच दिवशी "आपल्या कादंबरीची निवड झाली आहे" असे पत्र आले, सोबत खर्चाचा आकडा! कविता पाठविणाऱ्याची कादंबरी निवडली जाते, तेव्हा वहीचे पहिले पानही उलटलेले नसते, हे उघड आहे.

मग मदत कोणाची घ्यावी? उत्तर आपल्या तालुक्याजवळच सापडते. लक्ष्मीबाई टिळकांचा संसार काही वर्षे राहुरीत होता. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. पतीनेच त्यांना लिहावाचायला शिकविले. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली, त्यामागे मुलगा देवदत्त यांचा हात होता. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून ठेवली आणि आचार्य अत्र्यांना दाखविली. १९५२ साली संग्रह निघाला. दोन्ही ठिकाणी छापखान्याच्या आधी एक जाणता वाचक उभा होता.

माझ्या मते खरा निर्णय येथे आहे. पैसे कोणी घालावेत हा प्रश्न नंतरचा. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. परंतु प्रकाशक नसेल तर त्याचे वाचण्याचे काम आपणच कोणाकडून तरी करवून घेतले पाहिजे. संपादन किंवा मुद्रितशोधन करणाऱ्याला मोबदला द्यावा. पण दोन पानांचा नमुना आधी पाहावा, काम आणि रक्कम लेखी ठरवावी. स्तुतीसाठी मात्र पैसे देऊ नयेत.

मी वही आमच्या मराठीच्या सरांना दिली. त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या आणि चाळीसांपैकी पंधरा कविता ठेवल्या. दोन दिवस राग आला. तिसऱ्या दिवशी गाळलेल्या कविता मोठ्याने वाचल्या, तेव्हा सरांचे म्हणणे पटले.

त्या पंधरा कविता आता नियतकालिकांकडे पाठवीत आहे. पुरेशा झाल्या की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडे हस्तलिखित धाडीन. तेथून नकार आला तर मोजक्या प्रती स्वतः छापीन. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मग यंदा बियाणं घेऊ."

मित्रहो, पुस्तक एक वर्ष उशिरा निघाले तरी चालेल. एकदा छापलेली कविता मात्र परत घेता येत नाही.