ओली फरशी कोणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मेसच्या दारात माझी रूम पार्टनर घसरून पडली. उजवं मनगट फ्रॅक्चर, तेही सबमिशनच्या तोंडावर! भेटायला आलेली प्रत्येक जण म्हणाली, "अगं, बघून चालायचं ना!" शेवटी तीही म्हणायला लागली, माझीच चूक. मला ते काही पटेना, म्हणून लायब्ररीत जाऊन कायद्याची पुस्तकं काढली. (मी कॉन्व्हेंटवाली, मराठी सांभाळून घ्या.)

ज्याच्या ताब्यात जागा, त्याने तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाजवी काळजी घ्यायला हवी. पण नुसतं पडलं की भरपाई, असं नाही. धोका त्याला माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता, आणि तरी त्याने काही केलं नाही, हे पुढे यावं लागतं. इंग्लंडमध्ये यासाठी १९५७ चा वेगळा कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही, कोर्टाच्या निकालांतल्या तत्त्वांवरच भागतं.

मला आवडलेली केस टेस्कोची, १९७६ ची. लिव्हरपूलच्या दुकानात एक बाई सांडलेल्या योगर्टवरून घसरली. ते कधी सांडलं, कोणालाच सांगता येईना. मग सिद्ध कोणी करायचं? कोर्टाने बहुमताने ठरवलं की फरशी दुकानाच्या ताब्यात, तेव्हा पुरेशी काळजी घेतली हे दुकानाने दाखवावं. फरशी दिवसातून पाच-सहा वेळा झाडत, पण आठवड्यातून दहाएकदा काहीतरी सांडायचंच! दुकान हरलं. भरपाई फक्त साडे-एकशे सदतीस पौंड, पण निकाल आजही शिकवतात.

आपल्या सुप्रीम कोर्टानेही १९६६ मध्ये दिल्लीच्या कोसळलेल्या घंटाघराच्या केसमध्ये महापालिकेलाच जबाबदार धरलं होतं.

अर्थात धावत, मोबाईलमध्ये डोकं घालून पडलात तर भरपाई कमी होऊ शकते. माझी मैत्रीण ताट घेऊन हळूच चालली होती.

मग मी सर्व्हेच्या लॅबमधून स्पिरिट लेव्हल आणली. बेसिनजवळच्या फरशीचा उतार नहाणीकडे नाही, चक्क दाराकडे! त्यात पॉलिश केलेला ग्रॅनाईट. बूट आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो, घर्षण घटतं, पाय सटकतो. यात पुसणाऱ्या मावशींचा काय दोष? त्यांनी कितीही पुसलं तरी पाणी तिथेच येणार.

स्केच जोडून रेक्टर मॅडमना अर्ज दिला. मैत्रिणीचं प्लॅस्टर निघालंय. दारात काथ्याचं पायपुसणं आलंय. उतार अजून तसाच आहे, दुसरा अर्ज टाईप करतेय.