नाव बदला, पण जुना नंबर जपा

लग्नसराईत मी काही स्टुडिओंसाठी फोटो एडिटिंगची कामं घेते. त्यातल्या एका अल्बमची गोष्ट या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनी ऐकावी, असं मनापासून वाटतं.

मुलीकडच्यांनी सिलेक्शन पाठवलं. हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या फोटोंचे नंबर वहीच्या पानांवर नीट लिहिलेले. त्यांना पेन ड्राइव्हवर दिलेल्या छोट्या जेपेगवर कॅमेऱ्याचे मूळ नंबर होते. मधल्या काळात स्टुडिओत कुणीतरी आवराआवर म्हणून सगळ्या रॉ फाइली विंडोजमध्ये एकदम सिलेक्ट केल्या आणि एफ-टू दाबून ‘लग्न (१)’, ‘लग्न (२)’ अशी नावं देऊन टाकली. यादीतल्या ४५१२ नंबरचा फोटो आता कुठला, हे कुणालाच सांगता येईना. लाइटरूम उघडलं तर प्रत्येक फोटोवर उद्गारचिन्ह. त्याचा कॅटलॉग फोटो ओळखतो तो फोल्डर आणि फाइलच्या नावावरून. केलेलं कलर करेक्शन कॅटलॉगमध्ये शाबूत होतं, पण ते कुठल्या फाइलचं, हा दुवाच तुटला होता.

वाचवलं ते एक्झिफने. बाहेरचं नाव बदललं तरी फोटो कुठल्या कॅमेऱ्याने, किती वाजून किती सेकंदांनी काढला, ही आतली नोंद तशीच राहते. पेन ड्राइव्हवरच्या जेपेगमध्येही ती होती. (तेच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे फोटो म्हणून पाठवले असते तर ही नोंद गळून गेली असती.) वेळेवरून आम्ही जोड्या लावत गेलो. अडलं ते अंतरपाट दूर होतानाच्या फोटोंपाशी. तिथे कॅमेरा सलग चाललेला, एकाच सेकंदात कितीतरी फ्रेम. हवेतल्या अक्षता कुठपर्यंत खाली आल्यात, हे पाहून एकेक फोटो डोळ्यांनी जुळवावा लागला.

म्हणून नावं बदलूच नयेत का? बदलावीच लागतात. कॅमेऱ्याचा नंबर चार आकडी असतो, ९९९९ नंतर तो पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर दोन वेगळ्या फोटोंना हुबेहूब एकच नाव येऊ शकतं, आणि एका फोल्डरमध्ये कॉपी करताना ‘रिप्लेस’ दाबलं की एक फोटो जातो.

माझं मत पक्कं झालंय: नाव बदलायचं ते कार्ड उतरवतानाच, एकदाच, पाहुण्यांना एकही फोटो दाखवण्याआधी. लाइटरूममध्ये काम करणार असाल तर तिथूनच. बाहेरून कधीही नाही. नावात आधी तारीख, मग कॅमेऱ्याची खूण, मग मूळ नंबर. उदाहरणार्थ, २०२५०२१६_ए_४५१२. वर्ष पुढे ठेवलं की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. नुसती वेळ नावात घालू नका; सलग काढलेल्या फोटोंची वेळ सारखीच येते. लाइटरूम वापरत नसाल तर अ‍ॅडोबी ब्रिजच्या बॅच रिनेममध्ये चालू नाव मेटाडेटात जपून ठेवायचा पर्याय आहे, त्यावर टिक करा आणि आधी प्रिव्ह्यू बघा. रॉ, तिची जेपेग आणि एडिटिंगची नोंद असलेली सोबतची एक्सएमपी या तिन्हींचं नाव एकच राहिलं पाहिजे. एक्सएमपी मागे राहिली तर कॅमेरा रॉमध्ये ती फाइल कोरी, एडिटिंग न केलेली दिसते.

दोन फोटोग्राफर असतील तर सकाळीच दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवून घ्या. राहून गेलंच, तर लाइटरूममध्ये एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढे-मागे करता येते.

आणि घरच्यांनी लिहून दिलेली सिलेक्शनची यादी व मूळ नावांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. अल्बम छापून त्यांच्या हातात पडेपर्यंत ती डिलीट करू नका.