कंपाउंडचा रंग खिडकीतून घरात येतो

शेड कार्डावरचा फिकट राखी रंग मी बोट ठेवून पेंटरला दाखवला होता. पेठ-सांगली रस्त्यालगत आष्ट्यात घर म्हणजे सीझनला उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आणि पावसात काळ्या मातीचे शिंतोडे, म्हणून पांढरा नको हेही सांगितलं होतं. लग्नकार्यासाठी गावी जाऊन आले, तर कंपाउंडला आतून-बाहेरून चकचकीत नारिंगी ऑइल पेंट! "वहिनी, रस्त्यावरनं घर कसं उठून दिसतंय बघा. कंपाउंडच्या रंगानं आत काय फरक पडतोय?" हे त्याचं उत्तर.

फरक पडला माझ्या कामाला. पूर्वेच्या खिडकीशी माझं शिलाई मशीन आहे; ब्लाउज, फॉल, पिको, सगळं तिथेच. एका दुपारी पांढऱ्याशुभ्र साडीला फॉल लावला. गिऱ्हाईक बाईंनी ती दारात उजेडात धरली आणि चार बायकांदेखत विचारलं, "हा दोरा मोतिया का लावला?" रीळ मी स्वतः पारखून घेतलं होतं. त्या गेल्यावर साडीचा पदर आणि तेच रीळ खिडकीत धरलं, तर दोन्ही एकसारखे. पुढच्या दारात नेलं, तर रंग वेगळे. मग वर पाहिलं. मशीनवरचं पांढरं छत नारिंगी झालं होतं. माझा हात चुकला नव्हता, उजेड बदलला होता. नारिंगी उजेडात निळा अंश कमी असतो, त्यामुळे पांढरा आणि मोतिया ओळखू येत नाहीत. पेंटरला बोलावून दाखवलं, तर म्हणाला, "डोळे तपासून घ्या." वीस वर्षांहून जास्त शिवणकाम केलेल्या बाईला हे ऐकावं लागलं.

त्यातून जे कळलं ते सांगते.

पूर्वेच्या कंपाउंडची आतली बाजू सकाळी सावलीत असते, म्हणून सकाळी रंग बघून फसगत होते. सूर्य पश्चिमेला कलला की घरावरून येणारं ऊन तिच्यावर पडतं आणि खोलीत उसळतं. पश्चिमेच्या कंपाउंडचं नेमकं उलटं. ते दुपारच्या आधी बघा. दक्षिणेच्या कंपाउंडची आतली बाजू हिवाळाभर सावलीत राहते, तिथे उजळ रंग चालतो. आष्टा साधारण 17 अंश उत्तरेला, म्हणून मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून येतो. तेवढ्या दिवसांत त्या बाजूलाही थोडं ऊन लागतं.

शेड कार्डाचा तुकडा बघून ठरवू नका. खिडकीसमोर निदान 3 बाय 3 फुटांचा पट्टा दोन हात देऊन रंगवून घ्या. वाळला की खोलीत पांढरा कागद धरून त्यावर झाक पडते का बघा. पांढरा किंवा पिवळा रंग डोळ्यांवर येतो, गडद रंग तापतो आणि संध्याकाळपर्यंत भिंत गरम राहते. राखी किंवा मातकट, आणि तोही मॅट, हेच बरं. बाहेरची बाजू हवी तशी रंगवा. आतली बाजू खिडकीतल्या माणसाची.

कंपाउंडला ऑइल पेंट लावूच देऊ नका. भिंतीतली ओल त्याच्या आड अडकते आणि पापुद्रे सुटतात. गिलावा नवा असेल तर पाणी मारून झाल्यावर महिनाभर वाळू द्या.

शेडचा नंबर कागदावर लिहून त्यावर पेंटरची सही घ्या, आतली आणि बाहेरची बाजू वेगळी लिहा. काम चालू असताना घरचं कोणीतरी हजर असावं. सगळे पैसे आधी देऊ नयेत, हे तर सगळ्यांना माहीत आहेच.

आमचा ऑइल पेंट पॉलिश पेपरनं घासून काढून राखी रंग देताना पैसे पुन्हा माझेच गेले. पेंटर फिरकलाही नाही. "कंपाउंडच तर आहे" असं तुम्हाला कोणी म्हणालं, तर त्याला दुपारी दोन वाजता तुमच्या खिडकीशी बसवा आणि मगच डबा उघडू द्या.