ओटा कुणाचा, किल्ली कुणाची

परभणी

चि. ताईस,



तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. जिंतूरकडच्या त्या गावासाठी तू जी इमारत आखते आहेस, तिच्यात खाली वाचनालय, अंगणवाडी आणि बचत गटाची खोली, वर शिक्षकांची आणि नर्सबाईंची निवासस्थानं, ही मांडणीच मला फार पटली. समाजमंदिर बांधायचं, फीत कापायची आणि कुलूप लावायचं, असं आपल्या भागात पुष्कळ झालं आहे. जिथे रात्री दिवा लागतो आणि सकाळी कुकरची शिट्टी ऐकू येते, ती वास्तू ओस पडत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. आत-बाहेर हा भेदच ठेवायचा नाही, सगळं खुलं करायचं, असं तू म्हणतेस. तसं करू नकोस. सार्वजनिक आणि खासगी एका छपराखाली सुखानं नांदवायचं असेल तर दोहोंच्या मध्ये टप्पे हवेत. येणाऱ्याला कुठवर यायचं हे न विचारता कळावं आणि राहणाऱ्याला कुठवर येऊ द्यायचं हे स्वतः ठरवता यावं. तुझ्या सगळ्या नकाशाची परीक्षा एवढ्यावर होईल.

आपल्या मराठवाड्यातलं जुनं धाब्याचं घर आठव. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढलं की ओटा, मग दरवाजा, आत शिरताच ढाळज. ढाळजेत दोन्ही बाजूंना कमरेखालच्या उंचीचे कट्टे, त्यावर घोंगडी. बी-बियाण्याची चौकशी करणारा, पत्रिका द्यायला आलेला, वाटसरू, सगळे तिथवर येत. पुढे चौक, चौकाभोवती सोपे, त्यामागे माजघर, धान्याचं बळद, देवघर. चांगल्या गवंड्यानं बांधलेल्या घरात ढाळजेतून चौकाकडे जाणारी वाट सरळ नसे, ती वळून जाई. त्यामुळे दार दिवसभर सताड उघडं असे आणि तरीही रस्त्यावरच्याला चुलीपाशी बसलेली बाई दिसत नसे. दार उघडं ठेवण्याची मोकळीक त्या वळणानं दिली होती. तुझ्या नकाशात अंगणवाडीपासून वरच्या जिन्यापर्यंत एकच सरळ बोळ आहे. तो वळव.

पण जुनं घर जसंच्या तसं उचलू नकोस. ढाळज पुरुषांची होती. बायका तिथून पदर सावरून झपाझप निघून जात. गावाच्या पारावर आणि चावडीवर कुणी बसायचं हे जात ठरवी आणि कितीतरी लोकांना वेशीच्या आत हक्कानं टेकायला जागाच नव्हती. तेव्हा त्या घराची टप्प्यांची रचना घे, बसणाऱ्यांची यादी घेऊ नकोस. गावात बाई उगाच बसलेली चालत नाही, कामासाठी बसलेली चालते. म्हणून जिथे तिचं काम आहे तिथेच तिला बसायला सावली दे. बचत गटाच्या खोलीबाहेर, पाण्याच्या नळाशेजारी, अंगणवाडीतून मूल घ्यायला येतात त्या दारापाशी ओटा कर. स्वच्छतागृहाकडे जाणारी बायकांची वाट पुरुषांच्या बैठकीसमोरून काढू नकोस. ती तशी गेली तर फरशी कितीही चकचकीत असो, बायका त्या इमारतीत थांबणार नाहीत. आणि सगळ्या वस्त्यांकडून येणाऱ्या वाटा एकाच दर्शनी दाराशी आण. एखाद्या वस्तीला मागचं दार वाट्याला आलं तर जुनी वेस आपण नव्या सिमेंटमध्ये पुन्हा बांधली असं होईल.

मधले टप्पे गेले की काय होतं, हे किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यानं पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेतली घरं कोसळली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची दोन अंगं एकमेकांना नीट बांधलेली नव्हती आणि वर मातीच्या धाब्याचं ओझं होतं. त्यानंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं भूकंपाला तोंड देतील अशी झाली, ते काम मोठंच होतं. पण अनेक ठिकाणी आखणी शहरी वसाहतीसारखी झाली. रुंद सरळ रस्ते, प्रत्येक घर आपापल्या भूखंडात सुटं, भोवती रिकामी जागा. गल्ली गेली, ढाळज गेली, भावकीचा शेजार तुटला. पुढे लोकांनी आपल्या हातांनी कुंपणाच्या भिंती घातल्या, पुढे पडव्या काढल्या, झाडं लावली. आखणाऱ्यानं सोडलेला टप्पा राहणाऱ्यानं पदरच्या पैशानं भरून काढला. वास्तुरचनाकार म्हणून तुझं काम हे की ही वेळ त्यांच्यावर येऊ नये.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात वसाहत उभारली. सात घरं मिळून एक लहान अंगण, साधारण आठ मीटर लांब आणि तेवढंच रुंद. असे तीन गट मिळून त्याहून मोठी मोकळी जागा, पुढे सगळ्या वसाहतीची. लहान अंगण सात घरांचं असल्यामुळे ते झाडायचं कुणी हा प्रश्न सात घरांतच सुटू शकतो. सगळ्या गावाची जागा झाडायला कुणीच पुढे येत नाही. शिवाय प्रत्येक घर आपल्या भूखंडात सुटं वाढवता येईल असं ठेवलं होतं आणि लोकांनी ती पुढे वाढवलीही. जाऊन बघून ये. फोटो काढण्याआधी तिथल्या अंगणात बस आणि कोण कुठे थांबतं ते पाहा.

आता तुझ्या इमारतीतली एकच जागा धरून सांगतो. नर्सबाईंचं निवासस्थान. साप चावला, कुणाला कळा सुरू झाल्या, की रात्री दोन वाजता माणसं तिथे येणार, हे धरूनच चाल. ती थेट तिच्या दारावर धडका मारणार असतील तर बाई वर्षभरात बदली मागेल. जिन्याच्या तळाशी छोटी ओसरी कर. तिथे दिवा, बसायला कट्टा, वर वाजणारी घंटा. वरच्या खिडकीतून तिला कोण आलंय ते दिसावं, पण खालच्याला तिचं घर दिसू नये. तिची कपडे वाळत घालायची दोरी अंगणवाडीच्या अंगणावर येऊ देऊ नकोस. एवढं केलंस तर ती गावाची नर्स राहूनही आपल्या घरी असेल.

ओट्याविषयी बारकाईनं लिहितो, कारण तुझ्या नकाशात तो नुसती एक रेघ आहे. उंची दीड फूट ठेव, म्हणजे म्हाताऱ्यालाही उठता येतं. रुंदी तीन फूट, मांडी घालून बसता आलं पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. दुपारनंतर इमारतीची सावली पूर्वेला पडते, म्हणून बसायचा ओटा पूर्वेला घे. पश्चिमेचा ओटा संध्याकाळीसुद्धा तव्यासारखा तापलेला राहील. खाली काळी माती आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुख्य इमारतीचा पाया मुरमापर्यंत जाईल, पण हलका ओटा वरच्या मातीवर टेकवलास तर दोन पावसाळ्यांत तडा पडेल. ओट्याखालची काळी माती काढ, मुरूम भरून नीट धुमस कर आणि इमारत व ओटा यांच्यात सांधा मोकळा सोड.

शेवटचा प्रश्न नकाशात दिसत नाही, पण इमारतीचं आयुष्य त्यावर ठरतं. किल्ली कुणाकडे? सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गाळानं भरली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. लोकांना जागा आपली वाटली की असं घडतं. म्हणून प्रत्येक जागेचा धनी आताच ठरवून घे. वाचनालयाची किल्ली शिक्षकांच्या घरी, बचत गटाची गटाकडे, अंगणवाडीची सेविकेकडे, आणि ओटा मात्र बिनकुलपाचा. ग्रामसभेत हे ठराव म्हणून लिहून घे.

आणि पाया खोदण्याआधी जागेवर पूर्ण मापाची फक्की मार. दारं, जिना, ओटे, नळ, सगळं पांढऱ्या रेघांनी दाखव. मग बायकांना, म्हाताऱ्यांना, सगळ्या वस्त्यांतल्या लोकांना बोलाव आणि त्या रेघांमधून चालायला सांग. कोण कुठे अडखळतं, कोण कुठे थांबायला कचरतं, ते लिहून ठेव आणि नकाशा त्याप्रमाणे बदल. फक्की पुसायला एक झाडू पुरतो, भिंत पाडायला सरकारी मंजुरी लागते. नवा नकाशा झाला की पाठव, मी बारकाईनं बघेन.

तब्येतीला जप. तुझ्या आईला नमस्कार.

तुझा,
मामा