संगणकातील आशिया

'रोलरकोस्टर टायकून २' हा संगणकावरील खेळ २००२ साली निघाला. त्यात करमणुकीचे उद्यान उभारावयाचे व चालवावयाचे असते. पुढच्याच वर्षी त्यास 'वॅकी वर्ल्ड्स' ही जोड मिळाली. तीत आशियाच्या वाट्याला चीनची भिंत, जपानचा किनारा व महाराजांचा राजवाडा आला. महाराज अर्थात आपल्याकडचे!

पॅगोडा, तोरी आणि घुमट एका रांगेत मांडले की उद्यान आशियाई झाले, असे बालवाचकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु तोरी म्हणजे जपानातील शिंतो देवस्थानाची कमान. तिच्यातून गेल्यावर देवस्थान लागावे, खाऊचे दुकान नव्हे. पॅगोड्याचे मूळ तर भारतीय स्तूपात आहे. बौद्ध धर्माबरोबर स्तूप चीनमध्ये गेला, तेथे मजल्यावर मजला चढून त्याचे रूप पालटले, आणि पुढे तो कोरियामार्गे जपानात पोहोचला. नारा शहराजवळील होर्यूजी मठाचा पाचमजली लाकडी पॅगोडा सुमारे ३२ मीटर उंच आहे. त्याच्या मधल्या खांबाखाली, स्तूपाच्या रीतीप्रमाणेच, पवित्र अवशेष ठेवलेले आहेत.

म्हणून आम्ही असे सुचवितो की, आधी वाट आखावी. प्रथम जमीन उंचावून सांचीसारखा स्तूप, मग चिनी पॅगोडा, शेवटी जपानी, अशा क्रमाने पाहुण्यांस न्यावे. खेळाचा नियमही यास अनुकूल आहे: रुळांवरून धावणाऱ्या गाडीभोवती देखावा असला की तिची रंजकता वाढते. मात्र स्तूपाभोवती गाडी फिरवावयाची झाल्यास स्तूप उजव्या हातास ठेवावा. प्रदक्षिणेची रीत तीच आहे.