भारंगी: खुडायची की फुलू द्यायची?

मुक्ता : आत्या, कुंपणाकडच्या या झुडपाची पानं केवढी! वीतभर तर सहज असतील. भारंगीच ना ही?

आत्या : पानाच्या आकारावर जाऊ नकोस. पावसात निम्म्या झुडपांची पानं अशीच सुटतात. पेराशी किती पानं आहेत ते बघ.

मुक्ता : तीन. पण खालच्या फांदीवर दोनच.

आत्या : चालतं. भारंगीला समोरासमोर दोन येतात, नाहीतर तिघांचा घेर. आता कडेवरून बोट फिरव.

मुक्ता : करवतीसारखे दाते आहेत.

आत्या : आणि कोवळी फांदी चौकोनी लागेल. बाजारातल्या जुडीत हे काहीच कळत नाही. म्हणून दरवर्षी भाजी खाणाऱ्यांनाही रानात भारंगी ओळखता येत नाही. पलीकडे आहे ते भांडिरा. त्याची पानं जास्त रुंद, लवदार. चुरडलीस तर उग्र वास. फुलं पांढरी, तीही थंडी सरताना.

मुक्ता : आणि भारंगीची?

आत्या : ही शेंड्यावर तुरा धरते, आषाढ-श्रावणात. नीट बघ, चार पाकळ्या फिक्या निळ्या, खालची पाचवी गडद जांभळी. पुंकेसर लांब बाहेर येऊन वाकलेले. फूल उमलतं तेव्हा ते पुढे असतात. मग मागे वळतात आणि कुक्षी पुढे येते. आधी पराग द्यायचा, मग घ्यायचा. भुंगे सारखे येत असतात.

मुक्ता : आमच्याकडे नर्सरीत निळ्या फुलपाखरांसारखी फुलं असलेलं एक झाड मिळतं...

आत्या : ते आफ्रिकेतलं, हिचंच भावंड. पानं लहान. भाजीला घेऊ नकोस हो! पूर्वी दोघींना क्लेरोडेंड्रम या प्रजातीत धरत. पण या दोघींची कळी एका बाजूने फुगते, फूल तिरपं असतं, शिवाय डीएनएही वेगळा निघाला. म्हणून 1998 मध्ये स्टीन आणि मॅबर्ली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोथेका ही जुनी प्रजाती पुन्हा उभी केली. भारंगी आता रोथेका सेराटा. भांडिरा मात्र राहिलं क्लेरोडेंड्रममध्येच.

मुक्ता : गच्चीवर लागेल का ही?

आत्या : लागेल, पण कुंडी मोठी घे. माणसाच्या उंचीची होते. सकाळचं ऊन, दुपारी सावली. पाणी मुळाशी तुंबलं तर मात्र गेली. बोटाएवढ्या जाड फांदीची तीन-चार पेरांची कांडी कर, दोन पेरं मातीत जाऊ देत. वरची पानं अर्धी छाट, नाहीतर मुळं फुटायच्या आत सुकेल.

मुक्ता : मग भाजीही घरची, फुलंही घरची!

आत्या : एकाच फांदीवर दोन्ही नाही मिळायचं. तुरा शेंड्याला येतो आणि भाजीला आपण शेंडाच खुडतो. खुडलेली फांदी बाजूने फुटते खरी, पण फुलणं लांबतं. मी अर्धं झुडूप खुडते, अर्धं सोडते. फुलांचीही भाजी होते म्हणा, पण मला तेवढी हाव नाही.

मुक्ता : आणि मुळी? खोकल्याच्या काढ्यात घालतात ना?

आत्या : आयुर्वेदात खोकला, दमा यांवर तिचा मोठा मान. पण त्यासाठी झाडच उपटतात, म्हणून डोंगरात ती कमी होत चाललीय. काढा वैद्यावर सोड. आपण आज पानं उकडू, कडू पाणी पिळून टाकू. कांद्यावर भिजवलेले वाल, थोडा गूळ, वरून ओलं खोबरं. चल, शेंडे त्या बाजूचे खूड. इकडचे राहू देत.